उजेड कमी, ताप जास्त

साठचा पिवळा बल्ब सेलूत मिळेना.
तीन दुकानं झाली. चौथ्यात म्हातारे मुथाशेठ
शिडी लावून माळ्यावर चढले,
धूळ फुंकत म्हणाले,
कोण नेतंय आता हे? उजेड कमी, ताप जास्त.
माय म्हणाली, तापच पाहिजे आम्हाला. चार द्या.

डबा मेडिकलवाल्याचा, लशीचा, थर्माकोलचा.
उंदरानं कुरतडलेला कोपरा कणकेनं लिंपला.
पंखा मेलेल्या कम्प्युटरचा.
गौस मिस्त्रींनी वायरी जोडल्या, पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, रेडिओ बिघडला तर बातम्या बंद होतात,
एवढंच. हे बिघडलं तर मला बोलवू नका बाई,
माझ्यानं बघवणार नाही.

ते एकदा बिघडलंच होतं.
पौषात. थर्मामीटर दोन अंश खोटं बोलला.
मायनं परसात एकेक अंडं फोडलं:
चोच आलेली, ओली पिसं आलेली,
डोळे मिटलेले.
कुत्र्याला हाकललं. खड्डा बुजवला.
मग आशाताईचा थर्मामीटर मागून आणला,
तो एका काखेत, आपला दुसऱ्या काखेत,
आणि उंबऱ्यात बसून राहिली पाच मिनिटं
हलली नाही,
दोन्ही अंगांनी स्वतःचाच ताप बघत.

या वेळी अंडी बेचाळीस.
घरची एकोणीस, बाकीची ध्रुपदामावशीकडून अर्धलीनं.
पेन्सिलीनं एका अंगाला फुली, एका अंगाला गोळा.
सकाळी फुली वर, दुपारी गोळा,
निजताना पुन्हा फुली.
वाटीत पाणी. वाटीत पाणी आहे का बघ गं.
माझ्या भूगोलाच्या वहीत, मागच्या बाजूनं,
सदतीस पूर्णांक पाच, सदतीस पूर्णांक सहा,
पुढच्या बाजूनं दख्खनचं पठार.

सातव्या रात्री टॉर्चवर धरली.
तेहतिसात लाल कोळ्याचं जाळं,
नऊ नुसती पिवळी, रिकाम्या खोल्यांसारखी.

दिवसा खुराडं.
मोडक्या बाजेचे चार खूर, वर तुराट्यांचा कूड,
शेणमातीनं सारवलेला, ठिबकच्या फाटक्या नळीनं आवळलेला.
विकत फक्त जाळी, साडेतीनशेची.
मुंगूस चढणार नाही एवढं उंच,
मायची कंबर दुखणार नाही एवढंच उंच.
दाराला फिनेलच्या डब्याचं झाकण बिजागरी म्हणून लावलं
ते काही टिकलं नाही.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नसतात.
हात शिवशिवत होते दोघींचे.

एकोणिसाव्या रात्री डीपी जळाला.
सगळा गाव काळा, बोरवेल गप्प.
चुलीवर पाणी, पाण्याच्या बाटल्या, बाटल्या डब्याभोवती,
वरून गोधडी, त्यावरून तिचं लुगडं.
दर अर्ध्या तासाला बाटल्या बदलायच्या.
मी झाकण उघडायला गेले तर हातावर चापट.
उघडू नको. कान लाव.

लावला.
आत कुणीतरी नखानं भिंत खरवडत होतं.

लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली.
तोवर मायच्या हाताची कातडी
बोटांच्या टोकांना पांढरी पडली होती.

सत्तावीस निघाली.
त्यांना खुडूक कोंबडी दाखवली, ती फुगली,
पंख पसरून बसली, बोलावलं तिनं त्यांच्या भाषेत.
पिल्लं बल्बाखालीच.
परवा तिन्हीसांजेला गौस मिस्त्री लुनावर आले,
दिवा अंगणात वळला
आणि सत्तावीसच्या सत्तावीस
जाळीच्या त्या अंगाला धावली.
मिस्त्रींनी गाडी बंद केली, पण दिवा
बराच वेळ बंद केला नाही.

डब्यात अजून सहा आहेत.
आज तेविसावा दिवस.
मी म्हटलं, बिल येईल माय, बल्ब काढू?
तिनं एक अंडं कानाशी धरलेलं.
थांब, म्हणाली.

वहीत आकड्याच्या जागी
मी तेवढंच लिहिलं.